मॅगपाय इंजिनाचा एकेचाळिसावा तास

एडिथ ट्रँटरने हातमोजेसुद्धा काढले नाहीत. खुर्चीच्या कडेवर टेकून ती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ गेला, मिस क्विल, आणि आता दोषही त्याच्याच माथी मारताहेत."

हेस्टर क्विलने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. पहिल्या महायुद्धात हेस्टर विमानांच्या कारखान्यात सुटे भाग तपासायची. युद्ध संपलं, पुरुष परतले, तिची नोकरी गेली. मग तिने कॉव्हेंट्रीत खासगी तपासाचा धंदा मांडला. सोबतीला निवृत्त पोलीस सार्जंट इनॉक पास्क होता. अंगाने दांडगा, मनाने सरळ, पण डोक्याने जरा सावकाश. हे तो स्वतःच सांगायचा.

"पहिल्यापासून सांगा," पास्क वही उघडत म्हणाला.

जॉर्ज ट्रँटर हॅदरली कारखान्यात विमानांची नवी इंजिनं चालवून बघायचा. सध्या चाचणी चालू होती 'मॅगपाय'ची. हे इंजिन पाण्याऐवजी वाऱ्यावरच थंड व्हायचं. मधल्या आसाभोवती नऊ सिलिंडर ताऱ्याच्या किरणांसारखी पसरलेली. पन्नास तास चाललं की सरकार सहाशे इंजिनं घेणार होतं. मंगळवारी सकाळी, एकेचाळिसाव्या तासाला, एक सिलिंडर उखडून उडालं आणि जॉर्जच्या छातीवर बसलं.

"कंपनी म्हणते, त्याने नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेग दिला. परवा मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरपुढे तेच सांगणार. जॉर्ज असलं करणं शक्य नाही हो. इंजिनाला तो आजारी माणसासारखं जपायचा."

हेस्टर उठली. "सार्जंट, टोपी घ्या."

कारखान्याच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने बघितलेलं सगळं सांगितलं. सव्वानऊला फोन आला. घोगरा आवाज; ट्रँटरला बोलवा म्हणाला. जॉर्ज आला, कानाला लावून उभा राहिला. पलीकडून कोणी बोलेना. "तेवढ्यात खिडकीतून त्याला त्याचा मदतनीस डॉब अंगण ओलांडताना दिसला. 'अरे, इंजिन एकटं सोडलं की याने!' म्हणत फोन टाकून पळाला. आणि मग तो आवाज..."

चाचणीच्या शेडमध्ये अजून काही हलवलं नव्हतं. वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्यामागे वेगाची तरफ, आणि पलीकडे सांध्यावरून मोडलेलं मॅगपाय. भिंतीवर धुतल्यानंतरही एक गडद डाग राहिला होता. पास्कने टोपी काढली.

हेस्टरने तरफ पाहिली. ती पूर्ण मागे, बंदच्या खुणेवर होती. इंजिनावरची पेट्रोलची तोटी अर्धी फिरवलेली होती. मग तिने इंजिनाच्या फुटलेल्या पेटीत बोट घातलं. तेलाच्या जागी पिवळसर, चिकट साका होता. तिने बोट पास्कच्या नाकाशी धरलं.

"वास घ्या."

पास्कने तोंड वेडंवाकडं केलं. "काय सांगू बाई... एकदम आई आठवली मला. आणि शनिवारची सकाळ. पोटात ढवळलं."

"आई चांगली नव्हती का?"

"देवमाणूस होती. तेच तर कळत नाही."

तेलपाण्याचं काम आयझॅक डॉबकडे होतं. पन्नाशीचा, करवादलेला माणूस. "माझ्यावर संशय आहे ना? असू दे. जॉर्जला बढती मिळाली ती माझ्या डोक्यावरूनच. पण तेल मी खनिजच भरलं, बाईसाहेब. दुसरं या इंजिनाला चालत नाही."

"जुन्या, युद्धातल्या इंजिनांचं तेल?"

"मागच्या खोलीत डबे धूळ खात पडलेत. चाव्या तीन. मालकांकडे, इंजिन रचणाऱ्या व्हीटक्रॉफ्टसाहेबांकडे, माझ्याकडे."

"मंगळवारी तुम्ही शेड का सोडली?"

"जॉर्ज फोनला गेला, लगेच चिठ्ठी आली. टाइप केलेली. 'नकाशाघरातून इंजिनाचा नवा नकाशा ताबडतोब न्या.' गेलो. दहा मिनिटं ताटकळलो. तिथे ना नकाशा, ना माणूस."

"एक विचारू? इंजिन कसं होतं?"

डॉबने दाराकडे पाहिलं. "मला चार पोरं आहेत, बाईसाहेब," एवढंच तो बोलला.

मालक ऑर्मरॉड मंगळवारी लंडनच्या गाडीत होते. तिकीट त्यांनी न मागता दाखवलं. "ट्रँटर उतावळा होता. इंजिन उत्तम आहे."

"इंजिनाची रचना करणारे व्हीटक्रॉफ्टही तेच म्हणतात?"

"तो? तो सहा महिने मागतोय! रचना करणारे नेहमीच सहा महिने मागतात."

लेनर्ड व्हीटक्रॉफ्टच्या नकाशाघरात पास्कला उभं राहायलाही जागा नव्हती. टेबलावर मुख्य आसाचे नकाशे, त्यांवर लाल पेन्सिलीच्या रेघा. खिडकीत एक काचेची बरणी. तळाशी दाट पिवळा थर, वर पातळ तपकिरी. कोणीतरी सरबत विसरलं असावं, पास्कला वाटलं.

"जॉर्ज माझा मित्र होता," व्हीटक्रॉफ्ट खालच्या आवाजात म्हणाला. "त्याने वेग वाढवला नाही. इंजिनच वाईट आहे. तसंच लिहून घ्या."

"मंगळवारी सकाळी कुठे होता?"

"यंत्रशाळेत असेन. आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी हेस्टरने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. एडिथ दाराशी उभी राहिली; आत आली नाही.

"जॉर्जने वेग वाढवला नाही," हेस्टर म्हणाली. "तरफ बंदवर आहे. तरीही आस गरगरत होता, म्हणून तो इंजिनापाशी जाऊन पेट्रोलची तोटी बंद करत होता. इंजिन वाचवताना तो मेला. आता तेल. सार्जंट, शनिवारी सकाळी आई काय पाजायची?"

पास्कचे डोळे विस्फारले. "एरंडेल!"

"युद्धातल्या इंजिनांना एरंडेलच लागायचं. ते खनिज तेलात मिसळलं की साका होतो, जाळी तुंबते, आतले दांडे कोरडे पडून तुटतात. कोणीतरी मुद्दाम मिसळलं."

"डॉब!" ऑर्मरॉड ओरडले.

"थांबा. मीही आधी खुनीच शोधत होते. पण ज्याला मारायचंय, त्याला कोणी ऐनवेळी फोन करून लांब नेतं का? आणि डॉबला चिठ्ठी? दोघांनाही एकाच वेळी शेडबाहेर काढलं. म्हणजे त्या माणसाला इंजिन मारायचं होतं, माणूस नव्हे. मालकांना इंजिन धडधाकट हवं होतं. डॉबला जॉर्जचा राग होता; तो त्याला कशाला वाचवेल? तिसरी चावी उरते. ज्याच्या खिडकीत दोन तेलांची बरणी आहे, साका किती वेळात होतो हे बघण्यासाठी ठेवलेली."

व्हीटक्रॉफ्ट खाली पोत्यावर बसला.

"आस तुटणार आहे," तो म्हणाला. "एका ठरावीक वेगाला तो आतून थरथरतो. आज नाही तर उद्या हवेत तुटेल. मी अकरा पत्रं लिहिली यांना. वाटलं, रिकाम्या शेडमध्ये इंजिन मोडलं तर चाचणी फसेल. जॉर्ज परत येईल असं... त्याने यायला नको होतं!"

"आणि नंतर तुम्ही गप्प बसलात," एडिथ दारातून म्हणाली. "माझ्या भावावर आळ आला तरी."

"तेलाचं कळलं असतं तर इंजिन निर्दोष ठरलं असतं."

"ठरलंच!" ऑर्मरॉडच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. "दोष तेलाचा. सोमवारी दुसरं मॅगपाय चाचणीला लावतो."

पास्कने हेस्टरकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने सत्य शोधलं होतं, आणि त्याच सत्याने सहाशे इंजिनांची वाट मोकळी केली होती.

"डॉब," ती हळूच म्हणाली, "मी तुम्हाला काल विचारलं होतं. इंजिन कसं होतं?"

डॉबने आपले काळे हात चिंधीला पुसले. मग मालकांकडे न पाहता म्हणाला, "थरथरतं. दात वाजतात उभं राहिलं की. जॉर्जने चाचणीच्या वहीत लिहिलं होतं. ती पानं मालकांनी माझ्याकडून फाडवून घेतली. पण मी जाळली नाहीत. घरी आहेत."

कोरोनरपुढे ती पानं वाचली गेली. जॉर्जचं नाव धुऊन निघालं. सरकारने दुसरी चाचणी स्वतःच्या देखरेखीत घेतली, आणि एडिथने हट्टाने एक अट घालून घेतली: चालू इंजिनापाशी माणूस उभा करायचा नाही. डॉबची नोकरी गेली. व्हीटक्रॉफ्टला सात वर्षांची शिक्षा झाली.

जूनमध्ये पास्क त्याला तुरुंगात भेटायला गेला. हेस्टर येणार होती, पण ऐनवेळी फाटकातूनच परतली.

"आस तुटला," पास्कने सांगितलं. "सत्तेचाळिसाव्या तासाला. पंखा छत फोडून गेला. ऑर्डर रद्द झाली."

व्हीटक्रॉफ्ट टेबलावर पुढे झुकला.

"कोणाला लागलं?"

"कोणालाही नाही."

त्याने मान डोलावली. मग टेबलावर डोकं टेकून तो हमसून रडू लागला, आणि पहारेकरी वेळ संपल्याचं सांगायला आला तेव्हा पास्कने त्याला हातानेच जरा थांब म्हणून खुणावलं.