बारवेपासून उजवीकडं

सर्वपित्रीच्या दिवशी उमादेवी कंधारच्या एसटीत बसली, ती एक अफवा कायमची गाडायला.

नांदेडच्या राघवेंद्र डॉक्टरांवर तिनं लिहिलेलं पुस्तक छपाईला निघालं होतं. आंधळ्यांना दृष्टी देणारा देवमाणूस, अशी त्यांची ख्याती. दिवाळीनंतर पुतळा बसायचा होता. फक्त एका खेड्यातले लोक म्हणत, डॉक्टरनं आमच्या मेलेल्या माणसांचे डोळे न विचारता काढले.

"त्या गावंढळांच्या नादी कशाला लागता, मॅडम?" डॉक्टरांचा नातू अंबरीश म्हणाला होता.

"मीही चौथीत शाळा सोडलेली गावंढळच आहे, बाबा. जाऊन विचारीन. खोटं असलं तर खोटं म्हणून छापीन."

"आणि खरं निघालं तर?"

उमादेवीचा हात नकळत उजव्या डोळ्याकडं गेला. लहानपणी तिच्या त्या डोळ्यात फूल पडलं होतं. राघवेंद्र डॉक्टरांनीच दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवून तो डोळा उघडला होता. कुणाचं, हे ना बापानं विचारलं ना तिनं. मिळालेल्या नजरेनं ती आयुष्यभर पुस्तकं वाचत आली.

त्या खेड्याच्या फाट्यावर उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. घराघरांतून कढीवड्यांचा वास येत होता, आणि त्यात मधूनच दवाखान्यातल्या स्पिरिटचा उग्र दर्प. ती थांबून हुंगायची तर नुसती कढी.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. चढा, पण मायेचा.

"बारवेपासून उजवीकडं वळ गं... आता मारुतीचा पार लागंल... हळू, पायरी खचलीया..."

उमादेवीचा पाय नेमका त्याच खचलेल्या पायरीवर होता.

आवाज एका पत्र्याच्या घरातून येत होता. उमादेवी अंगणात शिरली. उंबऱ्यावर एक म्हातारी डोळे मिटून उभी होती. पुढ्यात पत्रावळीवर वाढलेलं पान. भिंतीवर कावळा बसलेला, पण खाली उतरेना.

"कुणाला वाट सांगता, बाई?"

म्हातारीनं डोळे उघडले. "आईला. मी सिंधु, तिची लेक. दुसऱ्यांचे पितर आपले आपण येत्यात. माझ्या आईला डोळेच न्हाईत, तिला घर कसं घावंल?"

"डोळे नाहीत?"

"नांदेडच्या दवाखान्यात गेली. मढं घरी आनलं, पापण्या उघड्या ऱ्हायल्या म्हनून आजीनं मिटवायला हात लावला... तर आत नुसता कापूस." सिंधुबाईनं पदर तोंडाशी धरला. "मी परकरात होते. गोदावरीला लई मोठा पूर आला, त्या साली."

त्याच पुरात उमादेवीला बापानं खांद्यावर बसवून दवाखान्यात नेलं होतं.

"पर तुमी घर कसं गाठलं? कुनाला इचारलं?"

"कुणालाच नाही..."

कावळा भिंतीवरून उतरला आणि पानाला शिवला.

उमादेवीच्या उजव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. डावा ठणठणीत कोरडा. तिनं डावा डोळा तळहातानं झाकला. समोर फरशी होती, तिथं शेवगा उभा. शेवग्याखाली परकर नेसलेली एक पोर तिच्याकडं बघत होती.

"इथं शेवगा होता?"

"आई गेली त्याच साली पडला..." सिंधुबाईनं तिच्या उजव्या डोळ्यात निरखून पाहिलं.

"मी हे सगळं छापीन," उमादेवी कशीबशी म्हणाली. "पुतळा बसो नाहीतर पडो."

ती वळली. अंगणाच्या दाराबाहेर पाऊल पडलं, तसा उजवा डोळा विझला. पाऊल मागं घेतलं, दिसायला लागलं. पुन्हा बाहेर, पुन्हा अंधार.

पाठीमागून सिंधुबाई बोलली. अगदी हळू, लहान पोरीच्या आवाजात.

"बस की गं... आताच तर आलीस."

उमादेवी पळत सुटली. त्या वयात, त्या उन्हात.

पुस्तक निघालं, त्या प्रकरणासकट. अंबरीशनं बोलणं टाकलं. पुतळा अजून गोणपाटात गुंडाळून पडलाय. लातूरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, बुबुळ काचेसारखं स्वच्छ आहे, दिसायलाच हवं. दिसत काहीच नाही.

फक्त भर दुपारी, कधीमधी, त्या अंधारात शेवग्याचा पाला हलतो. खाली ती पोर बसलेली असते.

परवा ती पोर उठली, आणि तिनं अंगणाच्या दाराला आतून कडी घातली.