चिलिपाच्या वॉर्डातली चार यंत्रं

सिस्टर एनिफा जेरे आली तेव्हा होरेस कचिंग्वे अंगणात शर्ट वाळत घालत होता. बायको गेल्यापासून तो आपले कपडे आपणच धुवायचा. नीट पिळायला मात्र त्याला अजून जमलं नव्हतं. शर्टातून पाणी गळत होतं.

सिस्टरच्या अंगावर नर्सचा गणवेश होता. तिने चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली.

चिलिपाच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांचा नवा वॉर्ड झाला होता. काल मंत्र्यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. वॉर्डात चार नवी ऑक्सिजन यंत्रं होती. सकाळी मंत्र्यांनी ती पाहिली, फोटो काढले. संध्याकाळी चारही गायब. तिने तेव्हाच पोलिसांत धाव घेतली. पोलिसांनी म्हाताऱ्या पहारेकऱ्याला, नांक्वेन्याला, कोठडीत टाकलं आणि त्याच्या झोपडीचं छप्परसुद्धा उचकटून पाहिलं.

आता वॉर्डात एकच जुनं यंत्र होतं. ते थोडा वेळ चाललं की तापायचं. मग बंद करून गार करावं लागायचं. तियामिके नावाच्या मुलीचं सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ त्यावर होतं. यंत्र बंद असलं की बाळाचे ओठ निळे पडत.

"पोलीस चोर शोधतायत, बाम्बो," सिस्टर वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं म्हणाली. "मला चोर नकोय. यंत्रं हवीत. बाळ आजचा दिवस काढेल. उद्याचं मी सांगू शकत नाही."

कचिंग्वेने ओला शर्ट बादलीत टाकला आणि मोफटला हाक मारली.

मोफट न्खाता हा कचिंग्वे पोलिसांत असतानाचा त्याचा शिपाई. कचिंग्वे निवृत्त होऊन खाजगी तपास करू लागला, तेव्हा तोही नोकरी सोडून त्याची गाडी चालवायला आला. गाडी चांगली चालवायचा. डोकं जरा सावकाश चालायचं.

वॉर्डाला रंगाचा वास येत होता. दाराच्या कडीला कापलेल्या लाल फितीचं टोक लोंबत होतं. आत भिंतीलगत चार रिकाम्या जागा. कोपऱ्यात जुनं यंत्र घरघरत होतं, आणि तियामिके पुठ्ठ्याच्या तुकड्याने बाळाऐवजी त्या यंत्राला वारा घालत होती.

कचिंग्वेने विचारलं, नवी यंत्रं लावून पाहिली होती का. सिस्टर म्हणाली, नाही. ती परवा आली, आणि प्रशासक सोकोलांनी बजावलं की राजधानीहून माणूस येईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. तिने फक्त फडक्याने पुसली. एकाच्या मुठीला निळ्या फितीची गाठ होती, ती तिने कापून टाकली.

"निळ्या? नक्की?"

"मला रंग कळतात, बाम्बो. दिवसभर ओठ बघत असते मी."

उद्घाटनानंतर सगळे मैदानावर गेले होते, ती सांगत होती. पक्षाचं कापड नेसलेल्या बायका ढोलावर नाचल्या. गावचा मुखिया पहिल्या रांगेत बसला होता. संध्याकाळपर्यंत ढोल थांबले नाहीत. वॉर्डात नावापुरती एक शिकाऊ नर्स होती, तीही व्हरांड्यात जाऊन नाच बघत होती.

व्हरांड्यात झाडूवाल्याने मोफटला फँटाची बाटली दिली. चांगली गार होती. मोफटने विचारलं, इथे फ्रीज तर दिसत नाही, मग एवढी गार कशी. झाडूवाला म्हणाला, अख्ख्या दवाखान्यात चालणारा फ्रीज एकच, शवागारातला. या आठवड्यात तिथे कोणी नव्हतं, म्हणून पाहुण्यांच्या बाटल्या ठेवल्या.

मोफटने बाटली खाली ठेवली. जरा विचार केला. मग उचलून संपवली.

प्रशासक विल्फ्रेड सोकोला कोट घालून दोन फोन पुढ्यात ठेवून बसले होते. कपाळावर घाम होता. काल दिवसभर ते मंत्र्यांच्या शेजारी बसले होते, शंभर माणसांनी पाहिलं होतं. वॉर्डाच्या मागच्या दाराची किल्ली पहारेकऱ्याकडे होती. यापुढे त्यांना काही सांगायचं नव्हतं.

मोफटने बाहेर विटांवर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे बोट केलं. चाकं कुठे गेली?

सोकोला म्हणाले, यंदा टायरला पैसे नाहीत. मांडव आणि जेवणाचा खर्च वेगळ्या खात्यातून आला होता, दोन्हींची गल्लत करू नका.

कोठडीत नांक्वेन्या भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, ढोल सुरू झाल्यावर साहेबांनी निरोप धाडला, किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकव आणि पाहुण्यांच्या भेटवस्तू राखायला मांडवात ये. तो गेला. बोकडाचं मटण मिळालं. एवढंच.

इन्स्पेक्टर म्तालिका हसले. चोर नेहमी जेवणाचंच सांगतात, असं म्हणाले. पण ते कचिंग्वेच्या हाताखाली शिकलेले होते. त्यांनी तपासाला आडकाठी केली नाही.

मैदानावर मांडववाला रॉडवेल चिंपेनी खुर्च्या रचून घेत होता. तोंड सारखं चालू.

"या, या. पहारेकरी आजोबाला सोडून आता माझ्यामागे का? या खुर्च्या मोजा हवं तर. चोरीच्या असत्या तर जरा बऱ्या नसत्या का आणल्या?"

मंत्र्यांच्या प्रत्येक उद्घाटनाचं काम त्याच्याकडे होतं. उद्या शनिवारी मटुंडाला तसाच वॉर्ड, तसाच मांडव. फीत मात्र दर ठिकाणी वेगळ्या रंगाची हवी, नाहीतर फोटो सारखेच दिसतात. मागच्या खेपेला काफुलेला निळी होती, इथे लाल, मटुंडाला पिवळी. त्याचे ट्रक दोन. एक हा समोर. दुसरा, तो म्हणाला, काल सकाळीच, पाहुणे यायच्या आधी, मटुंडाला रवाना झाला.

चिलिपातून बाहेर पडायला एकच रस्ता. त्यावर पोलिसांचा नाका. नाक्यावरचा शिपाई छाती काढून सांगत होता की मंत्र्यांमुळे काल त्याने एकही गाडी उघडल्याशिवाय सोडली नाही. मासळीच्या गाड्या, बस, सगळं पाहिलं. सकाळी गावाबाहेर ट्रक एकही गेला नाही. दुपारी गेला, पण तो मयताचा होता. पुढच्या बंपरला हिरव्या फांद्या बांधलेल्या, वर काळं कापड. आडवा बांबू उचलला, टोप्या काढल्या, जाऊ दिलं.

मोफटने ऐकता ऐकताच डोक्यावरची टोपी काढली.

"गाणं ऐकू आलं?" कचिंग्वेने विचारलं.

शिपायाने आठवून पाहिलं. नाही. पुढे दोन माणसं होती. मागून काही आवाज नव्हता.

"दुसऱ्या गावाहून आला असेल?"

"साहेब, हा रस्ता सरोवराच्या पाण्यात संपतो. चिलिपाशिवाय येणार कुठून?"

गाडीत बसल्यावर मोफट म्हणाला की मांडववाल्याचा ट्रक या नाक्यावरून गेलाच नाही, म्हणजे यंत्रं अजून गावातच आहेत, म्हातारा काहीतरी लपवतोय.

"मोफट, काल गावात ढोल वाजले."

"वाजले की. त्याचं काय?"

कचिंग्वेने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दवाखान्यात. लवकर."

सोकोलांच्या खोलीत सगळे जमले. इन्स्पेक्टर दाराशी उभे राहिले. रॉडवेल खुर्चीच्या टोकावर बसला होता. सिस्टर बसली नाही. पलीकडच्या वॉर्डातली घरघर मध्येच थांबली तशी ती दाराकडे गेली, आणि पुन्हा सुरू झाली तशी परत आली.

"यंत्रं नाक्यावरून गेली," कचिंग्वे म्हणाला. "मयताच्या ट्रकमधून. त्या ट्रकमध्ये मयत नव्हतं."

इन्स्पेक्टर म्हणाले, हे त्याला कसं कळलं.

"शवागारात आठवडाभर फक्त बाटल्या आहेत, म्हणजे प्रेत इथून निघालं नाही. मग गावातल्या कुणाच्या घरून? गावात मयत असेल तर ढोल वाजत नाही, मंत्री येवो नाहीतर आणखी कोणी. मुखिया पहिल्या रांगेत बसून ढोल ऐकत होता. म्हणजे काल चिलिपात कोणीच मेलं नव्हतं. आणि रस्ता सरोवरापाशी संपतो."

तो पुढे म्हणाला, "जूनमध्ये मी माझ्या बायकोला तसल्याच ट्रकमधून तिच्या गावी नेलं. मागे बायका बसल्या होत्या. नाक्यावर पोलिसांनी टोप्या काढल्या तरी त्यांनी गाणं थांबवलं नाही. आपल्याकडे मेलेलं माणूस मुक्याने जात नाही. तो ट्रक मुका होता."

"ट्रक कुणाचा? रॉडवेल म्हणतो, त्याचा दुसरा ट्रक सकाळी गेला. नाक्यावरून सकाळी ट्रक गेला नाही. दुपारी एकच गेला. यंत्राच्या मुठीला निळी फीत होती. निळी फीत काफुलेची. ही यंत्रं इथे यायच्या आधी काफुलेच्या उद्घाटनाला उभी होती, आणि उद्या मटुंडाच्या पिवळ्या फितीमागे उभी राहतील. लावून बघायला बंदी का, तेही कळलं. वापरायला लागल्यावर काढून कशी घेणार? सोकोलासाहेब दिवसभर मंत्र्यांच्या शेजारी होते, पण किल्ली खिळ्याला त्यांच्याच निरोपाने अडकली."

"पण मयत कशाला?" मोफटने विचारलं. "सरकारी माल, सरकारी काम."

"कागदावर तो माल चिलिपाचा आहे. गाडी उघडली असती तर शिपायाने विचारलं असतं, मग बाहेर का चाललाय?"

रॉडवेल पटकन म्हणाला, "मला सांगितलं तसं मी केलं. फांद्या ड्रायव्हरची अक्कल."

सोकोलांनी दोन्ही फोन पालथे ठेवले.

"मी यात काही खाल्लं नाही," ते हळू म्हणाले. "वरून फोन आला. सगळ्या वॉर्डांसाठी यंत्रं मंजूर झाली होती. त्याच पैशातून मंत्र्यांच्या ताफ्याला नव्या गाड्या आल्या. मग चारच घेतली. मी सोमवारी सांगणार होतो की तपासणीला पाठवली. सिस्टर आधीच पोलिसांत गेली, मग माझं तोंड बंद झालं."

"आणि नांक्वेन्या?" सिस्टरने विचारलं. "त्याला कोठडीत बघूनही ते उघडलं नाही?"

इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती. उद्या मटुंडाला मंत्र्यांच्या बंदोबस्ताला त्यांनाच जायचं होतं. ते म्हणाले, सोमवारपर्यंत थांबलं तर सगळं आपोआप...

"बाळ सोमवारपर्यंत थांबणार नाही," सिस्टर म्हणाली.

कचिंग्वे म्हणाला, "चोरीची तक्रार तुम्हीच लिहून घेतलीत. माल कुठे आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. उद्या त्याच मालासमोर फीत कापली जाईल आणि तुम्ही सलाम ठोकत उभे असाल. मग उत्तर कोण देणार, मंत्री की तुम्ही?"

इन्स्पेक्टरांनी मटुंडाच्या ठाण्याला फोन लावला.

ट्रक यायला दिवस कलला. तोवर जुनं यंत्र दोनदा बंद करावं लागलं. दोन्ही वेळा सिस्टर बाळाच्या छातीवर बोट ठेवून बसली आणि तियामिके तिच्या तोंडाकडे बघत राहिली. नांक्वेन्याला सोडलं होतं. तो घरी न जाता फाटकाशी येऊन उभा राहिला.

ट्रकबरोबर आलेला शिपाई म्हणाला की यंत्रं काढताना मटुंडाची नर्स आडवी आली होती. तिच्याकडेही बाळं होती. आम्हाला कधी मिळणार, म्हणून विचारत होती.

यंत्रं वॉर्डाच्या दारात उतरली. इन्स्पेक्टर म्तालिका मोहोर लावायची लाख आणि दोरा घेऊन पुढे झाले. हा पुरावा आहे, ठाण्यात जमा करावा लागेल, ते म्हणाले. कोर्ट विचारेल.

सिस्टरने पहिल्या यंत्रावरचा प्लास्टिक कागद फाडला. वायर सोडवली.

"पुराव्यावर पहारा ठेवावा लागतो ना, साहेब?"

"लागतो."

"मग इथेच ठेवा." तिने पिन बोर्डात खोचली आणि बटण दाबलं. बारीक गुणगुण सुरू झाली. नळी बाळाच्या नाकाशी लावून ती म्हणाली, "हवं तिथे लाख लावा. हे बटण सोडून."

इन्स्पेक्टरांनी लाखेकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग लाख खिशात टाकून त्यांनी स्टूल ओढलं आणि पहाऱ्याला ते स्वतःच बसले.