सॉरी म्हणायची रीत

पहिल्याच भेटीत तो तिला ‘सॉरी’ म्हणाला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

हॉस्पिटलच्या तळघरात, धुवायच्या चादरींच्या ट्रॉल्यांपलीकडे, टेबल टेनिसचं एक जुनं टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे खेळायची. ती एक्स-रे विभागातली. दिवसभर लोकांना ‘श्वास रोखा’ म्हणून दटावणारी. त्या दिवशी तिची नेहमीची जोडीदारीण आली नव्हती, त्यामुळे ती आधीच धुसफुसत होती. तेवढ्यात फिजिओथेरपीचा नवा माणूस चादर मागायला आला. तिने चादरीऐवजी त्याच्या हातात बॅट दिली.

थोड्याच वेळात त्याचा एक फटका जाळीला घासून तिच्या बाजूला टपकन पडला. त्याने हात वर केला. “सॉरी हं.”

“खरंच वाईट वाटतंय?”

“छे! पॉइंट मिळाला की.”

“मग हात कशाला वर केलात?”

“रीत आहे. नशिबाने पॉइंट मिळाला की हात वर करायचा.”

“मी नाही करत.”

“दिसतंय,” तो म्हणाला… आणि हसला.

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला सपाटून हरवलं, तर हा पठ्ठ्या तिच्या प्रत्येक फटक्याला “वा!” म्हणत होता. हरणाऱ्याने इतकं खूश असावं? जिंकूनही तिला डबा उघडावासा वाटला नाही. तसं तिला कधीच वाटत नसे. हॉस्पिटलचा चषक दरवर्षी तीच जिंकायची, आणि घरी जाऊन हुकलेले फटके आठवत भांडी आदळायची.

“जिंकल्यावर ही तऱ्हा,” वहिनी म्हणायची. “हरलीस तर घर पाडशील बाई!” वहिनी त्याच हॉस्पिटलात रक्त तपासायची आणि स्पर्धेत पंच असायची, त्यामुळे तिला दोन्हीकडचे तमाशे माहीत होते.

तो मग रोजच यायला लागला. रोज हरायचा, पण रोज थोडा कमी हरायचा.

“तुम्हाला जिंकायचंच नसतं,” ती एकदा भडकली.

“असतं की! पण हरलो तरी मला कडकडून भूक लागते.”

“निर्लज्ज.”

“खेळताना तुमच्या इथे,” त्याने बॅट स्वतःच्या भुवयांमध्ये टेकवली, “एक आठी पडते. म्हणजे… बघत राहावी अशी.”

तिने पुढचा चेंडू थेट त्याच्या छातीवर मारला. घरी गेल्यावर मात्र तिने ती आठी आरशात शोधली. सापडली नाही, म्हणून पुन्हा चिडली.

स्पर्धेत अंतिम सामना नेमका त्याच्याशीच आला. आदल्या दिवशी ती सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, “तुमच्यासारख्या हसऱ्याकडून हरले ना, तर बॅट कपाटावर टाकीन. पुन्हा खेळणार नाही!” रागात बोलली, पण शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती. आणि या खेळाखेरीज तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं काही नव्हतं. तो पहिल्यांदाच हसला नाही.

शेवटच्या गेममध्ये तो पुढे होता. मग त्याने सर्व्हिस जाळीत घातली. पुन्हा जाळीत. सोपे चेंडू बाहेर जायला लागले. टाळ्या वाजल्या, वहिनीने चषक तिच्या हातात दिला. पण हाडातली केसाएवढी भेग ओळखणाऱ्या बाईला एवढं कळणार नाही? गर्दी पांगेपर्यंत तिने कशीबशी कळ काढली.

“भीक घातलीत मला?”

“नाही, ते…”

“खोटं बोललात तर याच चषकाने डोकं फोडीन!”

“मुद्दाम हरलो,” तो म्हणाला. “तुम्ही बॅट टाकली असतीत. मग मी दुपारी… कुणाशी खेळू?”

“कुणाशीही खेळा! हॉस्पिटल भरलंय माणसांनी!”

“मला दुसऱ्या कुणाशी खेळायचंच नाही!” आता तोही चिडला. “आवडतेस तू मला! त्या आठीसकट, आदळआपटीसकट! एवढं सुंदर खेळतेस, आणि चेहरा बघावा तर दाढ काढायला बसल्यासारखा! ते बघवत नाही मला.”

तिचे कान तापले. “मला ‘तू’ म्हणायची परवानगी कुणी दिली?”

“रागात तोंडून निघून गेलं. सॉरी.”

“सॉरी म्हणू नकोस!” ती ओरडली. “बॅट उचल. शेवटचा गेम पुन्हा. खरा.”

ना पंच, ना टाळ्या. तो जीव तोडून खेळला, आणि तीही. धावताना तिचा केसांचा चाप उडाला, तो उचलायला ती थांबली नाही. मध्येच त्याच्या एका फटक्याला तिच्याच तोंडून “वा!” निघालं आणि ती स्वतःच दचकली. शेवटी त्याचा चेंडू जाळीवर आपटला, क्षणभर तिथेच रेंगाळला, आणि… तिच्या बाजूला पडला. ती हरली.

त्याचा हात सवयीने वर गेला आणि तिथेच राहिला. “सॉरी.”

“खरंच वाईट वाटतंय?”

“या वेळी खरंच. बॅट… कपाटावर?”

ती धापा टाकत उभी होती. रडू येईल असं वाटलं होतं, ते काही आलं नाही. पोटात मात्र कावळे ओरडत होते. तिने पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर, चषकाशेजारीच उघडला.

“कपाट उंच आहे,” ती घास कोंबत म्हणाली. “माझा हात पोचत नाही.”

“मी ठेवून देऊ?”

“हात तर लावून बघ बॅटला!” तिने डबा त्याच्याकडे ढकलला. “जेव आधी. मग परत खेळायचंय. आणि पुन्हा कधी मुद्दाम हरलास ना…”

तिच्या कपाळावर ती आठी पडली. तो घास हातात धरून बघत राहिला.