दुसरा श्वास

सिस्टर त्या घरी गेली ती निव्वळ लशीसाठी. आठ महिन्यांच्या बाळाचा न्यूमोनियाच्या लशीचा एक डोस राहिला होता. दोनदा निरोप धाडूनही आई दवाखान्याकडे फिरकली नाही, तेव्हा दुपारचा डबा उरकून सिस्टरने पिशवी खांद्याला लावली आणि स्वतःच निघाली. वस्तीत तिला घड्याळबाई म्हणत. कुठल्या लेकराला खोकला आहे असं कळलं, की मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून मिनिटभर त्याचे श्वास मोजल्याशिवाय ती जागची हलत नसे. जीभ तिखट होती, पण तिच्या धाकाने कितीतरी पोरं वाचली होती.

घर इस्त्रीवाल्याचं. एकच लांबट खोली. पुढे टेबल, त्यावर कोळशाची जड इस्त्री, भिंतीशी लोकांच्या पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे आणि मागे पडद्याआड खाट. रस्त्याची धूळ कपड्यांवर बसू नये म्हणून खिडक्या बारा महिने बंद. आत कोळशाचा धूर कोंडलेला, ओलसर कापडाचा वास आणि भर दुपारी दिवा लावावा असा अंधार. नवरा कपडे पोचवायला गेला होता, आई इस्त्री फिरवत होती. हात न थांबवताच तिने सांगितलं, की बाळाला जरा खोकला आहे, कालपासून दूधही नीट पीत नाही, पण आता छान झोपलंय.

सिस्टरने कान दिला. पडद्यामागून श्वास येत होता. सावकाश, खोल, एकसारखा. ऐकता ऐकता आपलेही डोळे मिटावेत असा. साधी सर्दी दिसते, असं म्हणून ती उठणारच होती. पण डोळे आणि कान यांच्यात चार बोटांचं अंतर असतं, हे नव्या पोरींना तीच शिकवायची. तिने पडदा सारला, बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ समोर धरलं.

छाती भराभर हलत होती. मिनिट भरलं तेव्हा आकडा चौसष्टवर गेला होता. या वयात पन्नाशी गाठली तरी धोका, आणि इथे तर दर श्वासाला फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. तिने बाळाच्या नाकाशी तळहात धरला. गरम, तोकडे, घाईचे श्वास हाताला लागत होते. आणि कानात मात्र तो दुसरा, निवांत श्वास चालूच होता. तो खाटेच्या पलीकडून येत होता, भिंतीलगतच्या रिकाम्या कोपऱ्यातून.

खोटं कशाला बोला, सिस्टर घाबरली.

"इथे आणखी कोण झोपतं?" तिने हळूच विचारलं.

"कुणी नाही..." इस्त्री थांबली. "मोठी झोपायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तिलाही खोकलाच होता. मी जागीच होते, सिस्टर. पण श्वास इतका शांत येत होता... म्हणून उठून बघितलं नाही."

त्या रात्री आईने ऐकला तोही हाच श्वास, हे सिस्टरला कळलं, आणि भीती होती तिथे संताप भरला. ती कोपऱ्याकडे वळली.

"मेल्या, या माउलीला फसवलंस. मला नाही फसवायचास."

श्वास क्षणभर थांबला. मग तिच्या अगदी कानाशी आला... तसाच सावकाश. पापण्या जड झाल्या, खाली बसावंसं वाटलं. तिने दात आवळले आणि बाळाच्या छातीवरची नजर न काढता मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मोजता मोजताच तिने आईला खिडक्या उघडायला लावल्या. धुळीचा लोट पांढऱ्या शर्टांवर बसला, पण आई पुढची खिडकी उघडत गेली. सिस्टरने पिशवीतलं अँटिबायोटिक काढून पहिला डोस चमच्याने पाजला, दवाखान्याची गाडी बोलावली आणि आईला बजावलं, की हे खोकल्याच्या गोड औषधाने जाणारं दुखणं नाही. याला इंजेक्शनं हवीत, ऑक्सिजन हवा, आणि तेही आत्ता. लस बरं झाल्यावर, पण तेव्हा चुकवलीस तर गाठ माझ्याशी आहे.

दुसऱ्या दिवशी तिने इस्त्रीवाल्याला फैलावर घेतलं आणि इस्त्रीचं टेबल बाहेर पत्र्याखाली काढायला लावलं. मग एकटीच आत जाऊन कोपऱ्यापाशी उभी राहिली. काही ऐकू येत नव्हतं. पळालास ना, म्हणाली, आणि खुशीत घरी गेली.

चौथ्या दिवशी दुपारी आईचा वॉर्डातून फोन आला. ऑक्सिजन काढला होता, बाळ पोटभर दूध प्यायलं होतं. "शांत पडलंय बघा. ऐका ना," म्हणून तिने फोन बाळाजवळ धरला.

सावकाश, खोल, एकसारखा... सिस्टरने मनगट डोळ्यांसमोर धरलं.

"ऐकत बसू नकोस. झबलं वर कर आणि मोज. घड्याळ मी बघते."

आई मोजत गेली. अडतीस. कातडी आत ओढली जात नव्हती, बाळ तर टकामका बघत होतं. पोर वाचलं होतं, यात शंका नव्हती. सिस्टरचे डोळे भरून आले. पण फोनमधला तो श्वास चालूच होता.

"तुझ्या शेजारच्या खाटेवर कोण आहे गं?"

"जुलाबाचं बाळ आहे, परवा आणलंय. त्याची आई मघाशी तेच म्हणत होती..." बोलता बोलता तिचा आवाज बसला. "सकाळपासून किती शांत झोपलंय म्हणून."

 मग खाट करकरली. या खेपेला ती उठली होती. "सरका हो जरा ताई, बघू द्या मला," असं कुणाला तरी म्हणाली आणि खड्या आवाजात मोजू लागली. सिस्टर घड्याळाकडे बघत राहिली. अर्धं मिनिटही भरलं नव्हतं आणि आकडा तिशीपार गेला होता. आईने मोजता मोजताच डॉक्टरांना हाक मारली. तिच्या त्या आवाजाखाली कुणीतरी अजून निवांत श्वास घेत होतं.