तिसरी पाळी

क्लेमेंटीनने संगणक घरी आणला तेव्हा निम्मं गाव तो बघून गेलं, आणि त्यात सिनेमा दिसत नाही म्हटल्यावर निम्मं गाव नाराज होऊन परतलं. पापडी गावातल्या ज्या क्लासमध्ये ती शिकवायची तिथे मे महिन्याची सुट्टी होती, आणि नव्या बॅचला संगणकाची सी भाषा शिकवायला घरगुती उदाहरणं हवी होती. १९८८ सालची गोष्ट. वसईत तेव्हा संगणक म्हणजे अप्रूपच. आई, म्हणजे रेजिनाबाय, काम संपलं की त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकायची, चर्चमधल्या अल्तारावर टाकावा तसा.

उदाहरण क्लेमेंटीनला खिडकीतूनच सापडलं. वाडीच्या मधोमध बावखल होतं, पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं. उन्हाळ्यात त्याच्या पाण्याची पाळी तिच्या तीन भावांत ठरलेली. एक दिवस सॅन्टनचा, एक जॉनचा, एक हिलरीचा, की पुन्हा सॅन्टन. ज्याची पाळी त्याने पंप लावायचा आणि आपल्या केळीकडे पाट फोडायचा. हिलरी धाकटा, बोटीवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी त्याची बोट अरबी समुद्रात बेपत्ता झाली, आणि तेव्हापासून त्याच्या पाळीला पंप बंद राहायचा. ते पाणी कुणी घ्यायचं नाही, असं आईने सांगून ठेवलं होतं.

तर क्लेमेंटीनने तिन्ही भावांची नावं एका ओळीत लिहिली. यंत्र अशा नावांना शून्यापासून आकडे देतं. सॅन्टन शून्य, जॉन एक, हिलरी दोन. याला म्हणायचं इनम. त्या सगळ्या प्रकाराला तिने टाइपडेफ वापरून ‘पाळी’ हे सुटसुटीत नाव दिलं. आईने विचारलं तेव्हा तिने समजावलं, की गावात एकाच आडनावाची चाळीस घरं आहेत म्हणून पोस्टमन आपल्याला ‘बावखलवाले’ म्हणतो ना, तसंच हे. नाव नवं, माणसं तीच.

‘आणि नाव पुसलं तर?’ आईने विचारलं.

क्लेमेंटीनची नजर ओट्यावर बसलेल्या सॅन्टनकडे गेली. गेले पंधरा दिवस तो तिच्या मागे लागला होता, की आईची समजूत घाल. हिलरीसाठी चर्चमध्ये मिस्सा व्हावी, त्याच्या आत्म्याला शांती मिळावी, आणि त्याची पाळी दोघांनी वाटून घ्यावी. केळी करपत होत्या. सॅन्टन काही दुष्ट नव्हता. धाकट्याच्या आठवणीने पंपाची किल्ली हातात घेऊन रडणारा माणूस होता तो. पण आई मिस्सेचं नाव काढू देत नव्हती. रोज जेवताना हिलरीची ताटली मांडायची आणि उपडी घालून ठेवायची. ते बघून क्लेमेंटीन अर्ध्या जेवणावरून उठायची.

म्हणून एका सकाळी तिने हिलरीचं नाव काढून टाकलं. निदान यंत्रात तरी, तिने स्वतःला सांगितलं. कुठून तरी सुरुवात करायला हवी.

प्रोग्राम साधा होता. कालच्या आकड्यात एक मिळवायचा, आता नावं दोनच म्हणून दोनाने भागायचं, उरेल ती बाकी म्हणजे आजची पाळी. नाव सापडलं तर नाव दाखवायचं, नाहीतर नुसता आकडा. त्या दिवशी पडद्यावर आलं सॅन्टन. दुसऱ्या दिवशी जॉन.

तिसऱ्या दिवशी आलं: २.

नुसता आकडा. क्लेमेंटीन हसली. आपणच कुठेतरी तिनाने भागलं असणार. तिने ओळ तपासली. दोनच होते. आणि दोनाने भागल्यावर बाकी दोन उरत नाही, हे तिसरीतल्या पोरालाही कळतं. यादीबाहेरचा आकडा सी भाषेत बसू शकतो, यंत्र अडवत नाही. पण तो कुणीतरी बसवावा लागतो. तिने प्रोग्राम नव्याने तयार केला, पुन्हा चालवला.

२.

तेवढ्यात जॉन दारात आला. त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते.

‘हिलरीच्या तुकड्यात पाणी कोणी सोडलं?’

तिघं भावंडं वाडीत गेली. दोन उन्हाळे पाण्यावाचून तडकलेली ती जमीन पार चिंब झाली होती. पंपाला कुलूप होतं, किल्ली सॅन्टनच्या कमरेला. त्याने पंपाला हात लावून बघितला, तर थंडगार. बावखलाचं पाणी कालच्याच पायरीवर होतं. पाणी तिथून आलं नव्हतं. सॅन्टनने घराकडे पाहिलं, पण आईला गुडघ्यांमुळे ओटासुद्धा धड उतरता येत नसे.

दुपारपर्यंत उन्हाने तुकडा सुकला. सुकला तसा पांढरा पडत गेला.

आई क्लेमेंटीनच्या खांद्याचा आधार घेत तिथवर आली. वाकली. बोटाने ती पांढरी माती उचलून तिने जिभेवर ठेवली.

‘खारट आहे,’ ती म्हणाली.

समुद्र तिथून दीड मैल दूर. बावखलाचं पाणी तर गावात सगळ्यांत गोड.

आईने बोट पदराला पुसलं. रडली नाही. मग सॅन्टनला म्हणाली, ‘फादरना सांग. रविवारी हिलरीची मिस्सा ठेवू.’

ज्या वाक्याची सॅन्टन दोन वर्षं वाट बघत होता, ते ऐकून तोच लहान मुलासारखा रडायला लागला. पाळी तशीच राहू दे, त्याची त्यालाच राहू दे, असं तोच म्हणाला. क्लेमेंटीनने घरी जाऊन हिलरीचं नाव होतं तिथे परत लिहिलं, दोनाचे पुन्हा तीन केले.

मिस्सा झाली. त्या दिवशी आईने हिलरीची ताटली मांडली नाही, आणि क्लेमेंटीन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पुढची हिलरीची पाळी आली तेव्हा यंत्राने त्याचं नाव नीट दाखवलं, आणि तुकडा कोरडाच राहिला. सगळ्यांना हायसं वाटलं. आई मात्र आदल्या संध्याकाळी क्लेमेंटीनच्या आधाराने जाऊन बावखलाच्या पाण्याचा एक झाकलेला तांब्या त्या बांधावर ठेवून आली होती.

‘खाऱ्या पाण्यात इतके दिवस काढले,’ ती क्लेमेंटीनला म्हणाली होती. ‘तहान लागली असेल पोराला.’

सकाळी तांब्या आणायला क्लेमेंटीन गेली. झाकण होतं तसंच होतं. आत थेंबभरही पाणी नव्हतं.

तांब्याच्या काठावर, एका बाजूला, ओठांएवढी मिठाची रेघ होती.