कोपऱ्यातलं नाव

आधीच सांगून ठेवते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आमच्या घरात देव नाहीत, मग भुतं कुठून असणार? बाबा सिकंदराबादला रेल्वेत होते. लहानपणी मी अंधाराला घाबरले की ते माझ्या हातात टॉर्च द्यायचे आणि म्हणायचे, "जा, निशिगंधा, बघून ये." ती बघून यायची सवय अजून आहे. हे जे झालं तेही मी फक्त बघितलं, आणि तसंच सांगते आहे. तुमचा तो दिवा मात्र चालूच असू द्या.

मी हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत कंप्युटर सांभाळते. गेल्या महिन्यात वरून आदेश आला, म्हणून सगळ्या मशिनींची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि आलेख-नकाशे काढणारं आमचं जुनं सॉफ्टवेअर त्याच दिवशी बंद पडलं. उपाय एकच होता, मूळ कोड घेऊन ते नव्याने कंपाईल करायचं, म्हणजे नव्या मशीनला समजेल असं पुन्हा बांधून घ्यायचं. तो कोड देवराव सरांनी उभी नोकरी सांभाळला होता. सर गेल्या वर्षी वारले.

घाई शिवानीला होती. ती भूजलावर पीएचडी करते. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, आणि शहरातल्या बोअरवेलच्या पाणीपातळीचा नकाशा याच सॉफ्टवेअरमधून हवा, असा तिच्या गाईडचा हट्ट. नकाशा नाही तर प्रबंध नाही, आणि फेलोशिपही संपलेली.

सर बुटकेसे, माणूस चांगला, पण हेकट. गालात कायम लवंग. कंपाईल चालू असताना खुर्ची सोडायची नाही, हा त्यांचा नियम. "दूध तापत ठेवून कुणी बाहेर जातं का?" म्हणायचे. प्रत्येक आलेखाच्या खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आपोआप छापून येईल, अशी सोयही त्यांचीच. आणि चूक दिसली की लाल पेन्सिलीने गोल. तीच चूक परत नेली की परत गोल. तिसऱ्यांदा मात्र काही बोलायचे नाहीत, ती गोष्ट सरळ काढून टाकायचे. मग भांडून उपयोग नसे. त्यांच्या लेखी ती नव्हतीच.

त्या रविवारी इमारतीत चिटपाखरू नव्हतं. आमची खोली आतल्या बाजूला, खिडकी नाही, एसीची घरघर तेवढी. सकाळपासून एक एरर काढावी तर दुसरी हजर. ही फाइल सापडत नाही, ती लायब्ररी जुनी झाली. शेवटी डोकं उठलं. पुन्हा कंपाईल लावलं आणि ते तसंच चालू ठेवून फाटकाबाहेर चहाला गेले.

परत आले तर खोलीत लवंगेचा वास होता. खुर्चीवर बसले आणि दचकले. मी उंच आहे, माझी खुर्ची वर केलेली असते. ती अगदी खाली आणलेली होती, बुटक्या माणसाला लागते तशी. पडद्यावर कंपाईल पूर्ण झालं होतं. एरर नाही. एवढ्या जुन्या कोडमध्ये साधी वॉर्निंगसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त खटकलं.

तेवढ्यात शिवानी आली. "झालं, ताई?"

"झालंय बहुतेक."

मुलांची खाती नव्या सिस्टिममध्ये अजून उघडली नव्हती, म्हणून नकाशा माझ्याच नावाने काढला. आमच्या प्रिंटरमधून कागद उपडा बाहेर येतो. शिवानीने तो उलटला. नामपल्लीच्या बोअरवेलभोवती लाल गोल होता.

आमच्या प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई असते.

"हे तुम्ही केलंत का, ताई?" शिवानी नवी, तिने सरांना कधी पाहिलेलं नाही. मी हो म्हणून मोकळी झाले. तिने मूळ आकडे काढून बघितले आणि डोक्याला हात लावला. "हौ ना, इथं मीच चुकीचं टाइप केलंय! तुम्हाला कसं कळलं?"

माझं लक्ष खालच्या कोपऱ्यात गेलं होतं. तिथे दुसरा गोल होता, माझ्या नावाभोवती.

आकडा सुधारून दुसरा कागद काढला. नामपल्लीचा गोल गेला होता. नावाभोवतीचा तसाच होता... जरा जास्त दाबून काढलेला.

शिवानीने फोटो गाईडना पाठवला. लगेच उत्तर आलं, अक्षरं बारीक आहेत, मोठी करा.

"फक्त एकदा अजून, ताई. प्लीज."

माझा हात की-बोर्डवर जाईना. मला भीती वाटत होती, लपवत नाही. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "तुम्ही थकलात. मला खातं उघडून द्या, मी माझ्या नावाने काढते."

"नको," मी म्हणाले. "तुझ्या नावाने नको." पोरीचं सगळं आयुष्य पुढे होतं.

मी बटण दाबलं. कागद बाहेर आला, उपडा. माझ्याच्याने तो उलटवेना. शिवानीनेच उचलला, उजेडात धरला आणि हसली.

"मस्त आलाय, ताई! आणि खाली नाव पण नाही आलं. बरं झालं, कापायला नक्को."

मी वाकून बघितलं. कोपरा पांढरा स्वच्छ होता. लवंगेचा वासही गेला होता.

शिवानीचा प्रबंध सोमवारी वेळेत गेला. त्याच दिवशी मशीनने माझं लॉगिन घेतलं नाही. या नावाचं कुणी नाही, म्हणालं. अपग्रेडनंतर असं होतं कधीकधी, मी मनावर घेतलं नाही.

आज सकाळी मात्र फाटकावर वॉचमन यादुल्लाने अडवलं. नोकरीला लागल्यापासून हा रोज मला सलाम करतो. माझ्याकडे नीट बघून अगदी अदबीने म्हणाला, "किससे मिलना है, मॅडम?"

म्हणून तडक तुमच्याकडे आले. मघाशी तुम्ही दार उघडलंत, या म्हणालात, पाणी दिलंत... पण मला नावाने हाक मारलीत का हो? नीट आठवून सांगा.