सव्वासहाचा दिवा

बॅटरी वापरल्याने मरत नाही, पडून राहिल्याने मरते, असं आमचे हे म्हणायचे. महिन्यातून एकदा सहाही झाकणं उघडून आतल्या पट्ट्या पाण्यात बुडालेल्या आहेत ना ते बघायचं. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं कधीच नाही. टर्मिनलवर पांढरी भुकटी जमली की कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून दातांच्या जुन्या ब्रशने घासायचं, कोरडं करायचं आणि वर बोटभर व्हॅसलीन. आठवड्यातून अर्धा तास गाडी सलग चालवायची. नुसती चालू करून बंद केली तर सुरू होताना गेलेलं बॅटरीत परत येत नाही. मला हे सगळं पाठ आहे. माझ्या गुडघ्यांची त्यांना एवढी माहिती कधी नव्हती.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणजे राहायचो, आता मी राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसते. हे सव्वासहाला ऑफिसातून यायचे, इंजिन बंद करायचे आणि वर यायचे ते सातला पाच कमी असताना. मधली चाळीस मिनिटं गाडीतला पिवळा दिवा लावून बसून राहायचे. वाचायचे नाहीत, रेडिओ लावायचे नाहीत. मी चहा करायची, झाकून ठेवायची, पुन्हा गरम करायची. विचारलं की उत्तर एकच, "बॅटरी बघत होतो." दिवा जाळून?

एकदा नणंद जेवायला आली होती. तिच्यादेखत विचारलं, "खाली एवढा वेळ काय करता हो?"

"तुझ्यासमोर यायला ताकद गोळा करतो."

सगळे हसले. नणंदेला तर ठसका लागला. मीही हसले, आणि तिच्या पाठीवर थोपटत बसले.

हे जाऊन दोन वर्षं झाली. गाडी राहिली. मला चालवता येते. यांनी शिकवली नाही, मी शाळेत शिकवायची तेव्हा तिथल्याच एका बाईंनी शिकवली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बहिणीकडे जायला बरी पडते. पण यांच्या मागे एक नवीनच कटकट सुरू झाली. दर पाचव्या दिवशी बॅटरी ठार. किल्ली फिरवली की नुसतं टिक-टिक.

यांचा जुना मेकॅनिक आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलका माणूस. इंजिन चालू करून त्याने मीटर लावला. "चार्जिंग झकास होतंय, काकू. म्हणजे गाडी उभी असताना कुणीतरी करंट खातंय. शोधू या चोराला."

त्याने सगळं बंद केलं, निगेटिव्हची वायर सोडवून मधे मीटर जोडला आणि एकेक फ्यूज उपटायला लागला. काही सापडेना. मीटरवर जवळजवळ शून्य. सहा वाजून गेले. "उद्या बघतो," असं तो म्हणाला, तेवढ्यात आकडा हलला. एक, चार, नऊ.

गाडीतला पिवळा दिवा लागला होता. त्याचा फ्यूज मेकॅनिकच्या तळहातावर होता.

"नऊ अँपिअर," तो म्हणाला. "एवढ्यात हेडलाइट पेटतात. हा तर एवढासा दिवा."

मग त्याने काचेतून आत पाहिलं. मीही पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर मधोमध खाली दबलं होतं, पाठीचंही.

आम्ही तिथेच उभे राहिलो. सातला पाच कमी असताना दिवा विझला. कव्हर हळूहळू वर आलं.

"रोज वापरणार नसाल तर निगेटिव्ह काढूनच ठेवा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. चहालासुद्धा थांबला नाही. एक पाना मात्र माझ्या हातात ठेवून गेला.

मला भीती वाटली नाही. संताप आला. मेल्यावरही या माणसाला घरात यायचं नाही?

दुसऱ्या दिवशी सहाला खाली गेले, नट सैल केला, वायर काढून फडक्यात गुंडाळली. वर येऊन चहा टाकला, दोन कप. "आता या वर," मोठ्याने म्हणाले. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलं होतं. कुठून सुरुवात करायची तेही ठरवून ठेवलं होतं.

सव्वासहाला खाली अंधारच होता. दाराची कडी वाजली नाही. भिंतीवरचं घड्याळ थांबलं. स्वयंपाकघरातला पांढरा दिवा पिवळट झाला, आणि समोरची खुर्ची करकरली.

मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. कप उचलायला गेले, तो बोटभर उचलला गेला आणि खाली बसला. गारठा बोटांच्या टोकांपासून चढला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. त्यात राग नव्हता, प्रेमही नव्हतं. खाली बॅटरीतून घेत होते, तसंच इथे घेत होते. वर बॅटरी नव्हती. मी होते.

दोन दिवस अंथरुणात होते. त्या दोन्ही संध्याकाळी खुर्ची करकरली. तिसऱ्या दिवशी कठडा धरून धरून खाली गेले आणि वायर पुन्हा जोडली.

तेव्हापासून त्या बॅटरीची मी निगा राखते. चार्जर आणला. रोज सकाळी लावते. पाणी बघते, टर्मिनल घासते. तळमजल्यावरच्या बाई म्हणतात, "साहेबांची गाडी किती जपता हो! एवढी माया हल्ली कुठे बघायला मिळते?"

"हो ना," मी म्हणते.

मुलगी आधी फोनवर म्हणायची, आई, विकून टाक ते डबडं. आता म्हणते, राहू दे, बाबांची आठवण आहे. मी तिलाही काही सांगत नाही. जन्मभर हा माणूस वर यावा म्हणून खिडकीत उभी राहिले, आणि आता तो खालीच बसावा म्हणून झाकणं उघडून पाणी घालते.

पण बॅटरी म्हातारी झाली. चार्जर रात्रभर लावला तरी पुरेना. दिवा सातला दहा कमी असताना विझू लागला, मग पावणेसातला. एकदा तर साडेसहालाच विझला. उरलेली पंचवीस मिनिटं माझी बोटं बर्फासारखी झाली होती.

मेकॅनिकला बोलावलं. "नवी घाला. मोठ्यातली मोठी."

"एवढ्याशा गाडीला?"

"घाला म्हटलं ना."

गेल्या सोमवारी त्याने ती बसवली. त्या संध्याकाळी दिवा पूर्ण चाळीस मिनिटं लख्ख जळला. मी खिडकीशी बसून गरम चहा प्यायले. मंगळवारी, बुधवारीही तसंच. गुरुवारपासून मात्र जिन्यात दम लागायला लागला. वयच झालंय, म्हटलं. चार्जर घेऊन खाली उतरवेना, तो तसाच राहिला. दिवा रोज वेळेवर लागत होता.

आज रविवार. सकाळी मेकॅनिक तपासायला आला. मी कशीबशी उतरले आणि शेवटच्या पायरीवरच बसले.

"चार्जर नाही लावला चार दिवस," मी सांगितलं. "पार रिकामी झाली असेल."

त्याने बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि हसला.

"काकू, भरलेली आहे! सोमवारी ठेवली तशीच. थेंबभर गेलेलं नाही."

"दिवा लागतो रोज. कालही लागला होता."

"लागू दे की. पण या बॅटरीतून नाही गेलं काही." त्याने फडक्याला हात पुसले. खूश होता. "चोर पळाला म्हणायचा. चला, चालू करून बघा."

मी म्हणाले, "जरा हात द्या. उठवत नाहीये."

त्याने हात पुढे केला. मी माझा त्यात ठेवला, पण बोटं मिटेनात.

सव्वाअकरा वाजले होते. संध्याकाळला अजून सात तास होते.